मंडळीतील दान: गरज ओळखण्यापासून हिशेब मांडण्यापर्यंत

ख्रिस्ती मंडळीचे दान वाढले पाहिजे असे वाटू लागले की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो: पाळकांनी दानावर संदेश द्यावा. संदेश होतो, दोन-तीन रविवार अर्पणाची थैली जरा जड होते आणि मग सगळे पूर्ववत चालू राहते. यात संदेश देणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे कोणाची गरज नाही आणि आपण दिलेल्या पैशाचे पुढे काय होते हेही ज्याला ठाऊक नाही, त्याने केवळ शब्दांच्या जोरावर किती दिवस द्यावे? म्हणून या लेखात क्रम बदलला आहे. आधी गरज, मग शिकवण, मग घरातला निर्णय, त्यानंतर पैसा गोळा करण्याची व वाटण्याची रीत, आणि शेवटी हिशेब. प्रीती हे अंतःकरणाचे काम आणि शिस्त हे खजिनदाराचे, अशी एक समजूत आपल्यात घट्ट बसलेली आहे. नव्या करारात दानाच्या ज्या मोठ्या हकिगती आहेत त्या नीट वाचल्या तर मात्र उलटेच दिसते: जिथे शिस्त नव्हती तिथे प्रीती असूनही माणसे उपाशी राहिली.

पहिली पायरी: गरज शोधायला निघणे

योहानाच्या पहिल्या पत्रात (३:१७) जो प्रश्न विचारला आहे त्यात भाऊ गरजवंत आहे हे पाहूनही ज्याने आपले अंतःकरण बंद केले त्याच्याविषयी बोलले आहे. म्हणजे पाहणे आधी आहे. मोठ्या मंडळीत खरी अडचण बहुधा कठोरपणाची नसते, न दिसण्याची असते. आपण एकमेकांना आठवड्यातून एकदा, धुतलेल्या कपड्यांत आणि हसऱ्या चेहऱ्याने भेटतो, आणि त्या भेटीत कोणाच्या घरचा पगार थांबला आहे हे कळत नाही.

यावर साधा उपाय असा की मंडळीतील घरे वाटून घ्यावीत. मंडळीच्या एका वडिलाकडे (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्याकडे), सेवकाकडे किंवा घरसभेच्या प्रमुखाकडे आठ-दहा घरांपेक्षा जास्त घरे देऊ नयेत, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक घरी भेट व्हावी. भेटीत ‘काही मदत हवी आहे का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘नाही, प्रभूच्या कृपेने सगळे ठीक आहे’ असेच येणार. त्याऐवजी नेमके विचारावे: औषधे नियमित मिळतात का, मुलांची शाळा सुरू आहे ना, काम कसे चालले आहे, रात्री सोबतीला कोण असते. न विचारताही पुष्कळ कळते. नेहमी येणारे कुटुंब अचानक दोन-तीन रविवार आले नाही, एखादी बहीण थैली पुढे आली की नजर खाली घालून ती पुढे सरकवते, एखादे वृद्ध जोडपे प्रभुभोजनाच्या रविवारीच तेवढे येते कारण प्रवासाचा खर्च परवडत नाही. अशा खुणा वाचता येणे हा सेवकाच्या पात्रतेचाच भाग समजावा.

या भेटींची एक वही असावी, आणि ती एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहावी. तिच्यातले काहीही मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाता कामा नये, ‘प्रार्थनेसाठी’ म्हणूनसुद्धा नाही. प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपाने जितकी खासगी माहिती गावभर होते तितकी उघड चहाडीने क्वचितच होत असेल.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ६ वा अध्याय येथे सावकाश वाचण्यासारखा आहे. यरुशलेमेतील मंडळी उदार नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. जमिनी आणि घरे विकून लोक पैसे आणून देत होते आणि रोजचे वाटप चालू होते. तरी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा त्या वाटपातून सुटत होत्या. दान भरपूर होते, भाषा आड आली होती. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडल्या गेलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. त्यांतला निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी मतात नंतर आलेला माणूस होता. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप सोपवले गेले, असा याचा सरळ अर्थ मला दिसतो. तेव्हा आपल्या मंडळीतही हे विचारून पाहावे की येथे कोणाचा आवाज पोचत नाही: दुसरी भाषा बोलणाऱ्यांचा, नव्याने आलेल्यांचा, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचा की तरुण मजुरांचा. मदतीचे काम पाहणाऱ्यांत त्यांच्यातला निदान एक तरी माणूस हवा.

दुसरी पायरी: काय शिकवावे आणि काय शिकवू नये

दानावर शिकवायचे असेल तर करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ व ९, हा पाया धरावा. प्रेषित पौलाने ही प्रकरणे एका प्रत्यक्ष निधीसाठी लिहिली. यरुशलेमेतील गरीब विश्वासीयांसाठी तो गलतीया, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी गोळा करीत होता. करिंथकरांनी आदल्या वर्षीच उत्साहाने सुरुवात केली होती आणि मग काम रेंगाळले होते. यात आपल्याला ओळखीचे वाटण्याजोगे बरेच आहे.

पौल त्यांना मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी या सेवेत आम्हालाही भाग घेऊ द्या म्हणून त्यांनी आग्रहाने विनवले. या दानासाठी पौल जो ग्रीक शब्द वापरतो तो ‘खारिस’ आहे, म्हणजे कृपा. प्रभू येशू धनवान असता आपल्याकरता दरिद्री झाला हे सांगताना (८:९) त्याच्या ओठांवर तोच शब्द आहे. देवाने जे केले आणि मंडळीने जे करायचे त्याला एकच नाव. मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असेही तो स्पष्ट लिहितो (८:८). दुःखाने किंवा भाग पडले म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, हे वचन (९:७) आपण अर्पणाच्या वेळी हमखास म्हणतो, पण त्याच्या पहिल्या अर्धुकावर थांबत नाही: प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे. म्हणजे भर सभेत हात वर करायला लावून घेतलेली वचने, कोणी किती दिले याची वाचून दाखवलेली यादी, ‘अजून पाच कुटुंबे पुढे यावीत’ असे म्हणत लांबवलेले गीत, या साऱ्या रीती या वचनाच्या विरुद्ध आहेत. त्यांनी पैसा जमतो हे खरे आहे.

दशमांशाविषयी, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याविषयी, वाद पुष्कळ आहेत आणि ते येथे मिटणार नाहीत. मात्र शिकवणाऱ्याने निदान पूर्ण चित्र मांडावे. नियमशास्त्रात दशमांश एकाच कामासाठी नव्हता. उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला वतन नसल्यामुळे त्यांच्यासाठी दशमांश होता (गणना १८). सणाच्या वेळी स्वतः कुटुंबासह परमेश्वरापुढे खाऊन आनंद करण्यासाठी होता. आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, उपरी (परके रहिवासी), अनाथ व विधवा यांनी पोटभर खावे म्हणून होता (अनुवाद १४). मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील, सगळा दशमांश भांडारात आणा असे सांगणारे वचन दानपेटीजवळ लावलेले असते, पण ते भांडार अन्नाचे होते, आणि ते रिकामे राहिले की काय होते हे नहेम्याच्या १३ व्या अध्यायात दिसते: लेवी व गाणारे सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. दशमांश शिकवायचाच असेल तर विधवा आणि उपरी यांना वगळून तो शिकवता येत नाही.

दानपेटीत आपल्याजवळच्या दोनच टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणाऱ्या विधवेच्या हकिगतीचे तसेच आहे. मार्काच्या १२ व्या अध्यायात ही हकिगत ४१ व्या ओवीपासून सुरू होते, आणि तिच्या लगेच आधीच्या ओवीत विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना येशूने दोष दिला आहे. त्या बाईची भक्ती मोठी आहे यात शंका नाही. पण तिचा दाखला देऊन दुसऱ्या एखाद्या विधवेला तिच्या टोल्या मागणे म्हणजे आधीच्या ओवीत जाऊन बसणे होय. गरीब कुटुंबापुढे ठेवण्यासारखे वचन वेगळे आहे: माणसाजवळ जे असेल त्याप्रमाणे ते मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नाही (२ करिंथ ८:१२). आणि त्याच्या पुढेच पौल लिहितो की इतरांना आराम व तुम्हाला त्रास व्हावा असा हेतू नाही, तर समानता व्हावी. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरील, उद्या त्यांची तुमची.

तिसरी पायरी: घरातला निर्णय

करिंथकरांना पौलाने एक अगदी घरगुती सूचना दिली होती (१ करिंथ १६:२): आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गणी करायला नको. नियमितपणा, प्रत्येकजण, मिळकतीचे प्रमाण आणि ऐनवेळची घाई टाळणे, या चारही गोष्टी एका वाक्यात आल्या आहेत.

घरात बसून हे कसे करावे? प्रथम तीन महिने खर्च लिहावा, कारण आपण काय देऊ शकतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कधी जास्तीकडे, कधी कमीकडे. मग पती-पत्नीने मिळून एक हिस्सा ठरवावा. रक्कम न ठरवता हिस्सा ठरवणे विशेषतः ज्यांची मिळकत कमीजास्त होते त्यांच्यासाठी सोयीचे असते, आणि पैसा हाती आला त्याच दिवशी तो वेगळा काढावा, महिन्याअखेर उरले तर देऊ असे म्हणू नये. जोडीदार ख्रिस्ती विश्वासात नसेल तर त्याच्या संमतीविना सामाईक पैशातून देऊ नये. आपल्या वाट्याचे द्यावे. त्या हिस्स्याचेही तीन भाग करावेत, असे माझे मत आहे: मोठा भाग मंडळीच्या नित्य सेवेसाठी, दुसरा मदतनिधीसाठी, आणि एक लहान भाग कोणालाही न दिलेला, मोकळा, जो वाटेत भेटणाऱ्या गरजेसाठी हाताशी राहावा. या तिसऱ्या भागाने माणूस जितका बदलतो तितका पहिल्या दोहोंनी बदलत नाही.

कर्ज असलेल्यांनी उसने पैसे घेऊन अर्पण करू नये. घेणेकऱ्याचे देणे चुकवणे हीसुद्धा आज्ञाधारकता आहे. आईवडिलांना लागणारा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असे म्हणून त्यांना न देणाऱ्यांविषयी येशू काय म्हणाला ते मार्काच्या ७ व्या अध्यायात आहे, आणि आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो, असे तीमथ्याला लिहिले आहे (१ तीमथ्य ५:८). घरी आजारी आई असताना इमारत निधीला मोठी रक्कम देणाऱ्याचे मंडळीने कौतुक करू नये. त्याला हळूच परत पाठवावे.

वर्षातून एकदा हा हिस्सा पुन्हा पाहावा. मिळकत वाढली आणि हिस्सा तोच राहिला तर हरकत नाही, पण तसे ठरवून झालेले असावे.

चौथी पायरी: घेणे, मोजणे, ठेवणे

थैली, पेटी, लिफाफे, बँक खाते किंवा मोबाइलवरून पाठवणे, यांतली कोणतीही पद्धत चालेल, मात्र कोणाला किती दिले हे शेजाऱ्याला दिसता कामा नये. ज्याच्याजवळ त्या दिवशी काही नाही त्यालाही अवघडल्यासारखे होऊ नये, म्हणून काही मंडळ्यांत पेटी दाराशी ठेवतात. मला ती रीत आवडते. डोंगरावरील प्रवचनात कर्णा वाजवून दान करणाऱ्यांविषयी येशू म्हणतो की ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत. तेथे आलेले ग्रीक क्रियापद ‘अपेखो’ हे त्या काळच्या पावत्यांवर ‘रक्कम पूर्ण मिळाली’ या अर्थाने लिहीत असत. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली देणगी पोचल्यावर पौलानेही त्यांना त्याच शब्दात पोच दिली आहे (४:१८). एकाच शब्दाने एकीकडे हिशेब संपतो आणि दुसरीकडे नाते पुढे चालू राहते.

मोजणीबाबत पौल फार काटेकोर होता. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एका भावाला पाठवतो आहे, आणि त्या भावाची निवड मंडळ्यांनी केली आहे, असे तो लिहितो, आणि कारणही देतो: या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष देऊ नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते आम्ही पाहतो (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताला जी खबरदारी घ्यावीशी वाटली ती आपल्या खजिनदाराला अपमान वाटू नये. प्रत्यक्षात पुढील रीत सांभाळावी.

उपासना संपताच थैली दोन जणांनी मिळून मोजणीच्या खोलीत न्यावी. एकट्याने ती क्षणभरही हाताळू नये. हे दोघे एका घरातले किंवा नातेवाईक नसावेत, आणि दर महिन्याला जोडी बदलावी. एकाने मोजावे, दुसऱ्याने पुन्हा मोजावे, नोटा व नाणी किती ते कागदावर लिहावे, दोघांनी सही करावी आणि त्या कागदाची एक प्रत खजिनदाराकडे व दुसरी चिटणीसाकडे जावी. न मोजलेल्या पैशातून कोणताही खर्च करू नये, फुलांचा नाही आणि पाहुण्या वक्त्याच्या प्रवासाचाही नाही. रक्कम त्याच दिवशी किंवा बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी भरावी. महिन्यातून एकदा तिसऱ्याच व्यक्तीने मोजणीचे कागद आणि बँकेचे विवरण ताडून पाहावे. खाते मंडळीच्या नावे असावे, कोणाच्याही वैयक्तिक नावे कदापि नसावे, आणि पैसे काढायला दोन सह्या लागाव्यात. पाळकांनी मोजणीच्या खोलीत जाऊ नये. मी स्वतः बरीच वर्षे मोजणीला बसलो आहे, आणि एकदा काही रक्कम कमी भरली तेव्हा त्या दोन सह्यांच्या कागदानेच आम्हा दोघांची अब्रू वाचवली. चूक बेरजेत होती.

विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा वेगळ्या रकान्यात लिहावा आणि त्याच कामी लावावा. ते काम होणार नसेल तर देणाऱ्याला विचारल्याशिवाय तो दुसरीकडे वळवू नये. नोंदणी, कर आणि लेखापरीक्षण यांचे नियम ज्या देशाचे असतील ते तेथील जाणकाराला विचारून पाळावेत.

पाचवी पायरी: वाटप

सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि बहुतेक मंडळ्यांत त्याचीच काही रीत ठरलेली नसते. गरजू माणूस पाळकांच्या घरी जातो, पाळक खिशातून किंवा पेटीतून काही देतात, आणि ज्याला पाळकांच्या दारी जाण्याचे धाडस होत नाही तो तसाच राहतो.

सुरुवातीच्या मंडळीने हे काम असे दैवावर सोडले नव्हते. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की रविवारी ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते यथाशक्ती देतात, ते अध्यक्षाकडे जमा होते, आणि त्यातून तो अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतो. सुमारे चाळीस वर्षांनी उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतो की आमच्यात महिन्यातून एकदा प्रत्येकजण इच्छा व ऐपत असेल तर देतो, सक्ती कोणावरही नाही, आणि तो पैसा मेजवान्यांवर जात नाही. गरिबांना जेवू घालणे व पुरणे, पोरकी मुले, थकलेले वृद्ध दास, जहाज फुटून बुडालेले, आणि विश्वासासाठी खाणींत वा तुरुंगात पडलेले यांच्याकडे जातो. इ. स. २५१ च्या आसपास रोमचा बिशप कर्नेलियस याने लिहिलेल्या एका पत्रात तेथील मंडळी १,५०० हून अधिक विधवा व गरजूंना पोसत असल्याचा उल्लेख आहे. इतक्या लोकांना पोसायचे तर याद्या, नेमलेली माणसे आणि ठरलेले दिवस असल्याशिवाय ते शक्य नाही.

आजच्या मंडळीत तीन ते पाच जणांची मदत समिती नेमावी. तिच्यात स्त्रिया असाव्यात. कित्येक गोष्टी स्त्री स्त्रीलाच सांगते. पाळक सल्ल्याला असावेत, निर्णय एकट्या त्यांच्याकडे नसावा, नाहीतर ‘नाही’ म्हणण्याची वेळ आली की त्यांची पाळकीय सेवाच अडचणीत येते. मदतीचे तीन प्रकार आधीच ठरवून ठेवावेत. अन्न, औषध, अंत्यविधी, तातडीचा प्रवास अशा गोष्टींसाठी मंडळीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत समितीतल्या कोणत्याही दोघांना त्याच दिवशी निर्णय घेता यावा. त्याहून मोठ्या खर्चासाठी, जसे भाडे, शाळेचे शुल्क, शस्त्रक्रिया, संपूर्ण समितीने आठवड्याच्या आत बसावे. आणि दरमहा द्यावयाची मदत ठरावीक मुदतीसाठी असावी, मुदत संपण्यापूर्वी पुन्हा भेट घ्यावी. समितीतल्या कोणाचा नातेवाईक अर्जदार असेल तर त्याने त्या विषयापुरते उठून बाहेर जावे.

विचारायचे प्रश्न थोडे असावेत: काय झाले आहे, कधीपर्यंत किती लागणार आहे, आणखी कोण मदत करीत आहे, तुम्ही स्वतः यातले किती उचलू शकाल. उपासनेला किती वेळा येता, दशमांश देता का, असे प्रश्न विचारू नयेत. ‘काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये’ हे वचन (२ थेस्सल ३:१०) समितीच्या बैठकीत फार लवकर निघते, आणि त्यातल्या ‘इच्छा’ या शब्दाकडे लक्ष जात नाही. काम न मिळणारा, काम न झेपणारा आणि काम टाळणारा हे तिघे निरनिराळे आहेत. तरी निकषच नकोत असेही नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील ५ व्या अध्यायात विधवांच्या यादीसाठी किमान साठ वर्षे वयाची अट आहे, आणि ज्यांना सांभाळणारे घरचे आहेत त्यांचा भार मंडळीवर पडू नये, म्हणजे ज्या खरोखर निराधार आहेत त्यांना ती साहाय्य करील, असे कारणही दिले आहे.

मदत उसनी देऊ नये, हे माझे ठाम मत आहे. परत मिळेल या आशेने दिलेली रक्कम सहसा परत येत नाही, आणि तिच्यापायी माणूस मात्र जातो. मला ठाऊक असलेल्या एका मंडळीत एका कुटुंबाने उसने फेडता न आल्यामुळे उपासनेला येणेच सोडले. मंडळीच्या कार्यकारी मंडळाने ती रक्कम कधीच सोडून दिली होती, पण ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. द्यायचे तर देऊन टाकावे. घेणाऱ्याला पुढे कधी परत करावेसे वाटले तर मदतनिधीची पेटी आहेच.

मदत घरी जाऊन, ओळखीच्या एक-दोघांनी, बंद लिफाफ्यात द्यावी. छायाचित्र काढू नये. व्यासपीठावरून नाव घेऊन प्रार्थना करू नये. दवाखान्याचे किंवा शाळेचे बिल परस्पर भरणे सोयीचे असते, परंतु घेणाऱ्याला तसे चालेल का हे आधी विचारावे, कारण पैसा त्याच्या हाती न देण्यातला अविश्वास त्याला कळतो. व्यसनाचा प्रश्न असेल तिथे मात्र रोख रकमेऐवजी शिधा द्यावा आणि सोबत माणूस द्यावा, ही अट सौम्यपणे पण उघड सांगावी. मंडळीच्या हिशेबात नावाऐवजी क्रमांक लिहावा; नावांची यादी समितीकडे राहील आणि लेखापरीक्षकाला ती पाहता येईल. नकार द्यायचा झाला तर तो लवकर द्यावा, समोर बसून द्यावा, आणि दुसरे कोणते दार ठोठावता येईल तेही सांगावे.

मंडळीबाहेरच्या माणसाला द्यावे का? गलतीकरांस पत्रात (६:१०) सर्वांचे बरे करावे, विशेषतः विश्वासाच्या घराण्याचे, असा क्रम आहे. ‘विशेषतः’ याचा अर्थ ‘फक्त’ असा होत नाही. निधीचा एक भाग बाहेरच्यांसाठी राखून ठेवावा, आणि त्या मदतीला उपासनेला येण्याची किंवा मत बदलण्याची कसलीही अट, सूचकसुद्धा, जोडू नये. अट घातली की ती मदत राहत नाही, तो सौदा होतो.

पैशाखेरीजचे दान वेगळ्या वहीत मांडण्याची गरज नाही, पण ते मागायला विसरू नये. यापो येथील तबीथा मेली तेव्हा विधवांनी रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवले होते. रुग्णाजवळ रात्रभर बसणे, अर्ज भरून देणे, मुलांचा अभ्यास घेणे, गळके छप्पर दुरुस्त करणे, या गोष्टी मंडळीत कोण करू शकतो याची यादी करून पाहावी. मदत घेणाऱ्या घरांची नावेही त्या यादीत आली पाहिजेत. जो फक्त घेतच राहतो त्याची मान हळूहळू खाली जाते.

मोठे देणगीदार

याविषयी थोडेच. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला सोन्याची अंगठी घातलेला माणूस प्रत्येक मंडळीत कधी ना कधी येतो आणि त्याला चांगली जागा दिली जाते. मोठी देणगी स्वीकारण्यापूर्वी तिच्याबरोबर काय येते आहे ते पाहावे: पाटीवरचे नाव, कार्यकारी मंडळातली जागा, पाळकांच्या बदलीवरचा हक्क. शोमरोनातील शिमोनाने पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत घेण्यासाठी पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने ते नाकारले. आणि जमीन विकून आलेल्या पैशातले काही मागे ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र जे म्हणाला तेही लक्षात ठेवावे: ती जमीन होती तोवर तुझीच नव्हती काय, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच स्वाधीन नव्हते काय? त्याने कमी दिले हा त्याचा अपराध नव्हता. कमी देऊन सगळे दिले असे भासवणे हा होता, आणि देणाऱ्यांचा जाहीर गौरव करणारी मंडळी असे भासवण्याचा मोह रोज तयार करीत असते.

सहावी पायरी: हिशेब लोकांपुढे ठेवणे

दर तिमाहीला एक पानी हिशेब सूचनाफलकावर लागावा आणि वर्षाचा हिशेब सभेत वाचला जावा. ‘इतर खर्च’ या मथळ्याखाली मोठी रक्कम असू नये. मदतनिधीत किती आले, किती घरांना गेले, कोणत्या प्रकारच्या गरजांसाठी गेले आणि किती शिल्लक आहे, हे नावांविना सांगता येते. प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासू ठरवू नये. खजिनदाराने त्याला वही दाखवावी. एखाद्या कामासाठी मागितलेली रक्कम पूर्ण झाली की तेही जाहीर करावे. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी लोक गरजेपेक्षा जास्त आणू लागले तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटवून आता आणू नका असे सांगितले होते (निर्गम ३६). ‘आता पुरे’ असे सांगणाऱ्या मंडळीने पुढच्या वेळी मागितले की लोक विश्वास ठेवतात. मदतनिधीत वर्षानुवर्षे मोठी शिल्लक पडून राहत असेल तर ती अभिमानाने वाचू नये. पहिल्या पायरीवरच्या भेटी थांबल्या आहेत का ते तपासावे.

पौलाने ती वर्गणी यरुशलेमेस नेली तेव्हा त्याच्याबरोबर बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख व सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आशियाचे तुखिक व त्रफिम होते (प्रेषित २०:४). निरनिराळ्या प्रांतांतले हे सात जण पौलाइतकेच त्या पैशाचेही सोबती होते. निघण्यापूर्वी रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१५:३१) तो एक प्रार्थनेची विनंती करतो. यहूदीयातील विरोधकांच्या हातून सुटका व्हावी एवढेच तो मागत नाही. ही सेवा तेथील पवित्र जनांना मान्य व्हावी, असेही मागतो. इतकी वर्षे जमवलेली, इतक्या माणसांनी सांभाळलेली रक्कम ते लोक घेतील की नाही याची त्याला धाकधूक होती. मदत समितीने लिफाफा घेऊन कोणाच्याही दारात उभे राहण्याआधी, जिन्यातच थांबून, हीच प्रार्थना करावी.